बापाची बतावणी

नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात आम्ही दोघं सोंगाडे होतो. मी आण्याच्या पठारावरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो आंबेगाव तालुक्यातला, घोड नदीकाठचा, घरी ऊस आणि कांदा. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला दादा म्हणायचा. गवळण झाली की आमची बतावणी लागायची. हातात काही नाही, नुसत्या बोलण्यावर लोकांना पोट धरून हसवायचं. मी वाक्य टाकायचो आणि तो ते खाली पडू द्यायचा नाही. जत्रेची सुपारी द्यायला आलेले पंच मालकिणीला आधी विचारायचे, "ती जोडी हाय ना?"

बतावणीला माल घरातूनच यायचा. माझी सासू, त्याची बायको, त्याच्या भावकीतला बांधाचा तंटा. फडाच्या ट्रकमध्ये पेट्यांवर बसून आम्ही एकमेकांना घरचं सांगायचो आणि त्यातलं कुठलं लोकांपुढं चालेल ते ठरवायचो. पण एक गोष्ट मी त्याला सांगितली ती चालवायला नव्हे. सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून.

माझा बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. पाय थकले तेव्हा आम्ही कळप विकला आणि त्यानंतर त्याचं डोकं हळूहळू फिरत गेलं. दिवस कलला की तो मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्यापाशी काठी टेकून उभा राहायचा आणि नसलेली मेंढरं मोजायचा. मोजून झालं की घाबरा व्हायचा. "एक कमी हाय," म्हणायचा, "कोकरू ऱ्हायलं माळावर. जा, बघ." आधी मी समजूत घालायचो. तो रडायला लागायचा. मग मी खरंच जायला लागलो. टेकाडामागं जाऊन थोडा वेळ बसायचो आणि खांद्यावर कोकरू घेतल्यासारखा, मान वाकवून, दोन्ही हातांनी त्याचे पाय धरून परत यायचो. बाप माझ्या खांद्यावरच्या हवेवरून हात फिरवायचा. मग शांतपणे भाकरी खायचा.

हे ऐकून माझा जोडीदार डोळे पुसून म्हणाला, "दादा, तू घरी बी सोंगच करतोस की रं."

पुढच्या दसऱ्याला फड बांधायची वेळ आली आणि तो आलाच नाही. मालकिणीनं सांगितलं, "तुझा गडी दुसऱ्या फडात गेला. तुला बोलला न्हाई?" मला राग आला नाही असं नाही, पण माणूस चांगल्या ठिकाणी जातोच. सांगून गेला असता तर मी हातात नारळ ठेवून निरोप दिला असता.

चैत्रात त्याच्या फडाची हजेरी आमच्या घाटाखालच्या एका गावात होती. हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हात होणारा खेळ. त्या दिवशी आम्हाला सुट्टी होती. त्याला भेटावं, पाठ थोपटावी म्हणून मी गेलो आणि मागं लिंबाखाली बसलो.

गवळण झाली. तो घोंगडं पांघरून, काठी टेकत आला. आला आणि खोकला. तो खोकला माझ्या बापाचा होता, गोष्ट सांगताना मीच काढून दाखवलेला. तरी वाटलं, म्हातारे सगळे तसेच खोकतात. मग त्यानं बोट नाचवत मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून लागला. लोक खदखदून हसत होते. खरं सांगायचं तर मीही हसलो. त्याचं काम होतंच तसं. तेवढ्यात त्यानं काठी आपटली आणि ओरडला, "एक कमी हाय!"

माझं हसू तोंडातच वाळलं. त्याचा नवा जोडीदार, म्हाताऱ्याचा पोरगा झालेला, विंगेत गेला आणि खांद्यावर काहीच नसताना मान वाकवून परत आला. आख्खं मैदान उसळलं. माझ्या शेजारचा माणूस माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "बापापरास पोरगंच येडं हाय राव!"

खेळ संपल्यावर मी कनातीमागं गेलो. तो रंग पुसत होता. मला बघून उठला, पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतला.

"ते तुला कुणी दिलं?" मी विचारलं.

"काय, दादा?"

"माझा बाप."

फडक्यानं रंग चोळत तो म्हणाला, "आपुन माझ्या बायकोवर हसवलं. तुझ्या सासूवर हसवलं. तवा कुणी इचारलं?"

"तुझी बायको बतावणीत तू आणलीस. माझी सासू मी आणली. हे मी आणलं नव्हतं."

"दादा, मी नाव घेतलं का कुठं? लोकांना काय म्हाईत कोन हाय ते?"

मला तरी माहीत होतं ना. मी तसाच निघालो.

लोकांनाही कळलंच. कुणीतरी मोबाईलवर ती बतावणी घेतली आणि ती घाट चढून पठारावर आली. आण्याच्या बाजारात पोरं बापाला आडवी येऊन म्हणायला लागली, "बाबा, एक कमी हाय का?" त्यांना ती थट्टा होती. बापाला ती खबर होती. तो भाजीच्या पालांमधून, लोकांच्या पायांमधून वाकून वाकून कोकरू शोधायचा. मग मी त्याला बाजारात न्यायचं बंद केलं.

एक दिवस घरी आलो तर भाचीनं तोच व्हिडिओ बापाला लावून दिलेला. मी फोन हिसकावणार, तर बाप हसत होता. कित्येक महिन्यांत हसला नव्हता इतका. "लई येडं म्हातारं हाय हे," मला म्हणाला, "आसं कुठं आसतं व्हय?" मी फोन त्याच्या हातात तसाच राहू दिला. पण त्या घटकेला मला वाटलं, बापसुद्धा त्याच्याच बाजूला गेला.

पावसाळ्याच्या तोंडाला बाप गेला. दहाव्याला माझा जुना जोडीदार आला. ओझरला, नदीच्या घाटावर, माणसांत मागं बसला होता. पिंडाला कावळा शिवल्यावर जवळ आला आणि माझा हात धरून म्हणाला, "दादा, म्हाताऱ्याची आण. ती बतावणी मी बंद केली." मी हात सोडवून घेतला नाही. मनात म्हटलं, एवढं पुरे.

पुढच्या हंगामात आमच्या फडाचा ढोलकीवाला त्याचा खेळ बघून आला. मला सांगावं की नाही अशा घोळात होता. शेवटी म्हणाला, "बतावणी चालूच हाय. आता शेवट बदललाय. पोरगं कोकरू घेऊन येतं, तवर म्हातारा बसल्या जागी गेलेला आसतो. लोक रडत्यात वो. रडता रडता टाळ्या वाजवत्यात."

मी पुन्हा त्याच्याकडं गेलो नाही. आता मी दुसऱ्या जोडीदाराबरोबर उभा राहतो, काम बरं चालतं. मध्यंतरी बायको म्हणाली, "तुमीच का करत न्हाई? बाप तुमचा व्हता." तिच्यासमोरच मी ओसरीवर उभा राहिलो, काठी टेकली, खोकलो आणि "एक कमी हाय!" म्हणून हाक घातली.

ती ऐकत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "ही मामांची न्हाई वो. ही त्या मोबाईलातल्या गड्याची हाय."

मी पुन्हा एकदा हाक घालून बघितली. तिचं खरं होतं.