सोवळ्याची नऊवारी
इस्त्री तापल्याचा वास आला की आजही मी दचकतो, कारण झाशीतल्या आमच्या कॉलनीत गणपतीतली फॅशन स्पर्धा होती त्या संध्याकाळी मी लेकीच्या नऊवारीवर गरम इस्त्री तशीच ठेवून फोन घ्यायला गेलो होतो. परत येतो तर साडीला ऐन पुढच्या बाजूला इस्त्रीएवढं भोक! दहा वर्षांची लेक हुंदके देत म्हणाली, "पापा, अब मैं नहीं जाऊँगी." अर्धा तास उरला होता आणि सीपरी बाजारात जाऊन यायलाच तेवढा वेळ लागला असता. तेवढ्यात मला माझं पूजेचं डाळिंबी रेशमी सोवळं दिसलं. बायको म्हणाली, "अहो, ते देवाचं आहे!" "मग ही कुणाची आहे?" म्हणत मी रोजच्या सवयीने लेकीला काष्टा घातला आणि हिरव्या पोलक्यावर उपरण्याचा पदर काढून दिला. स्टेजवर सूत्रसंचालकाने विचारलं, "बेटा, साड़ी मम्मी की है?" लेक ऐटीत म्हणाली, "नहीं भैया, पापा की!" सगळा मंडप हसला, टाळ्या थांबेनात, आणि तिला दुसरं बक्षीस मिळालं. मी अजून तेच सोवळं नेसतो, आणि निऱ्या खोचताना रोज आठवतं, त्या दिवशी घरी आल्यावर त्याची घडी घालत बायको काय म्हणाली ते: "पंधरा वर्षं तुम्ही नेसताय, कुणी एकदा तरी टाळी वाजवली?"