धरा जरा

मी कलेक्टर कचेरीत कारकून. गेटसमोर एका संस्थेचं धरणं चाललं होतं. त्यात एक म्हातारी रोज बसायची. पायताण शेजारी नीट जोडून ठेवायची आणि फलक छातीशी धरायची: ‘जगातली उपासमार संपवा’. इथं बसून तिकडं भाकरी कशी पोचणार, मला कळेना.

“मावशी, कुठल्या देशातली माणसं उपाशी आहेत, ठाऊक तरी आहे का?”

“न्हाय की. आमच्या वस्तीला रेशन मिळावं म्हणून जी माणसं इथं बसलीती, त्यांस्नी तरी आमची तोंडं कुठं म्हाईत हुती?”

“धरा जरा, पाणी पिऊन येतो,” म्हणत ती फलक माझ्या हातात देऊन गेली.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. फलक लपवावा की खाली ठेवावा, सुचेना. गाडी समोर आली तेव्हा तो माझ्या छातीशी होता. कसा, कोण जाणे.