मेडिकलमधलं सेंट

आमच्याकडं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. माझ्या मुलीला भाऊ नाही, म्हणून तो मान आईच्या बापाचा, म्हणजे माझा. नातवाचं जावळ जावयाच्या शेतात, तामलवाडीला होतं. चार दिवस आधी मुलीचा फोन आला.

"अण्णा, येताना नीट अंघोळ करून या. मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर सोफ्याची कव्हरं दोनदा धुतली."

मी शेळ्यांचा व्यापारी. एका पाटीपासून, कोवळ्या शेळीपासून, धंदा उभा केला, याच वासावर हिला पदवीपर्यंत शिकवलं. तेवढं सुनावून फोन आपटला आणि मेडिकलवर गेलो.

दुकानदारानं काउंटरवरची सेंटची स्वस्तातली बाटली काढली. मनगटावर फवारायला लागला.

"हाताला कशाला? वास सदऱ्याला आहे. तिथं मारा."

त्यानं मारलं. मी बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. जनावरसुद्धा मी चालवून बघितल्याशिवाय घेत नाही. थोड्या वेळानं गोडवा उडाला आणि खालून बोकड वर आला. आत जाऊन म्हटलं, "हे टिकत न्हाय." त्या बोलीवर भाव पाडला. टिकत नाही हे कळूनही घेतलं.

घरी बायकोनं हुंगलं. "आधी नुसता बोकड होता. आता वरातीत निघालेला वाटतोय."

जावळाच्या सकाळी निम्मी बाटली अंगावर ओतली. जेवणाचा बोकडही माझाच. दुसऱ्याच्या हातात दावं द्यायची मला सवय नाही, म्हणून टेम्पोत मागं त्याच्याजवळ बसलो. रस्ताभर तो माझ्या मांडीला अंग घासत होता.

न्हावी वस्तरा पाजळून तयार होता. मी पाटावर बसलो, हात पुढं केले. पोर जवळ आलं, शिंकलं, आणि असं रडायला लागलं की थांबेना. मुलगी वाकून म्हणाली, "अण्णा, जरा उठता का?" तिच्या जावेचा भाऊ माझ्या पाटावर बसला. पोर गप्प झालं.

माझं डोकं फिरलं. "मग माझा बोकड सोडा. परत नेतो."

"तो कापला, अण्णा," ती म्हणाली. "जेवून जा."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी शेवटच्या पंगतीला, कडेला बसलो. पोराचं गुळगुळीत डोकं तिथूनच दिसलं. त्यानंतर तिनं मला घरी बोलावलेलं नाही, आणि मीही 'येऊ का' म्हणून विचारलेलं नाही.