बाबलीचा डावा हात

आमच्या पार्से गावात शिगम्याचा ढोल बाबलीशिवाय वाजत नाही. शेजारी म्हणून सांगतो, हा माणूस जेवतानाही ताटावर ताल धरतो. त्याची बायको शेवंती म्हणते, लग्नात अंतरपाटामागेसुद्धा ह्यांची बोटं चालूच!

यंदा त्याचा डावा हात ठोके चुकवू लागला. गाव वाजवायला जमतो त्या मांडावर मी सगळ्यांदेखत ओरडलो, "बाबल्या, उजवा हात देवाचा नि डावा हुर्राकाचा काय रे?" हुर्राक म्हणजे आमची काजूची दारू. सगळे हसले, तोही हसला. मग एक दिवस त्याच हातातून चहाचा पेला निसटला, नि शेवंतीने त्याला इस्पितळात ओढत नेले. मीही गेलो. बातमी दुसऱ्याकडून ऐकणे मला पचत नाही.

डोक्याचा एमआरआय काढला, तर चित्र पार फिसकटलेले. ते यंत्र धाड-धाड वाजते ना, हा पठ्ठ्या आत निजून त्या तालावर मान हलवत होता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यावरून काहीच ठरवता येत नाही." मी गावभर सांगितले, "बाबलीच्या डोक्यात काही सापडलं नाही. मेंदूसुद्धा!"

आठवड्याने इस्पितळातून फोन आला, आम्ही पुन्हा गेलो. हलल्यामुळे बिघडलेली चित्रे निवळून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता इस्पितळात नुकतीच आली होती, हजारो मेंदूंची चित्रे पाहून शिकलेली. तिने निवळलेले बाबलीचे चित्र लावून बाईंनी पडद्यावर बोट ठेवले. उजव्या बाजूला काजूच्या बीएवढी गाठ. डावा हात चालवणारी जागा तिला लागूनच.

मी तोंडातली सुपारी रुमालात काढली.

"हेही चुकू शकतं," बाई म्हणाल्या. "खात्रीसाठी पुन्हा काढू. आता झटपट होईल, पण तेवढा वेळ दगड व्हायचं."

"बाये, गांठ काडल्यार हात उरतलो?" हात शाबूत राहील का, एवढेच बाबलीने विचारले.

"सांगता येत नाही."

शेवंती मला म्हणाली, "गुरुदासभाऊ, तुमीच वचात भितर." पट्टा, चिल्लर सगळे बाहेर ठेवून तो हलू नये म्हणून मी आत त्याच्या पायाचा अंगठा धरून बसलो. धाड-धाड सुरू झाले. माझीच मान डोलू लागली. त्याचा अंगठा ढिम्म.

गाठ खरी निघाली.

ऑपरेशननंतर डावा हात चादरीवर निपचित पडलेला. शेवंती नवऱ्याच्या तोंडाकडे नव्हे, त्या हाताकडे बघत होती. मला शब्द सुचेना. मला! शेवटी पलंगाच्या दांडीवर शिगम्याचा ताल धरला, नि भीतीने मध्येच एक ठोका गाळला.

चादरीवरची दोन बोटे उचलली. गाळलेला ठोका पडला.

"गुरुदासा," डोळे न उघडताच बाबली पुटपुटला, "हुर्राक मारलो काय रे?"