राजीनामा दिला त्या दुपारी

गोखिवऱ्याच्या कारखान्यातली साच्यांची ड्रॉइंग काढायची नोकरी मी सोडली, म्हणून वडिलांनी मला मारलं. तेव्हा मी दोन मुलांचा बाप होतो. ती नोकरी त्यांनीच शब्द टाकून लावून दिली होती.

केळीचा घड खांद्यावर घेऊन ते वाडीतून घरात आले, तेव्हा मी सांगून टाकलं, "पप्पा, राजीनामा दिला. आता घरूनच वेगवेगळ्या कंपन्यांची कामं करणार."

घड टाकून त्यांनी अशी कानाखाली मारली की मी कॉम्प्युटरच्या टेबलावर आदळलो. ओठ फुटला.

"बायकोच्या जिवावर खाणार काय?" म्हणत त्यांनी मॉनिटर भिंतीवर फेकला, कमरेचा कोयता काढला आणि कीबोर्डवर घाव घातला. पुन्हा कोयता उगारला तेव्हा मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. कट्कन आवाज झाला आणि कोयता पडला. तरीही मी त्यांच्यावर हात उगारला.

"अहो, मुलं बघतायत!" बायको किंचाळली. तेव्हा कुठे मी थांबलो.

रिक्षातून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "वाडीत पडलो."

"आणि यांचा ओठ?"

"तोही पडला."

पुढे आम्ही जूचंद्रला भाड्याने राहायला गेलो. मी अजून घरूनच कामं करतो. पप्पा नातवंडांना भेटायला येतात, पण माझ्या कामाच्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. मीही बोलावत नाही.