निळ्या डागाचं बक्षीस

जनेल क्वाम मुळात संशयी बाई नव्हती हो. पोरीच्या आजारानं तिला तसं केलं. ब्रिटा अकरा वर्षांची असताना तिच्याच शरीरानं तिच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मारायला सुरुवात केली. जरा कुठं आपटलं की अंग काळंनिळं, नाक फुटलं की रक्त थांबायचं नाव नाही. औषधांनी चेहरा भोपळ्यासारखा सुजला, वर्गात टिंगल झाली ती वेगळीच. मग आजार गेला. दोन वर्षं गेलेलाच होता. डॉक्टरांनी बर्फावरच्या हॉकीलासुद्धा हो म्हटलं, फक्त एका अटीवर: प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली आल्या की बर्फावर पाय ठेवायचा नाही.

आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या टोकाच्या गावात हॉकी सोडून पोरींना दुसरं होतं काय!

नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात टेबलाखाली पडलेला चमचा उचलताना जनेलला ब्रिटाच्या घोट्यावर लाल ठिपके दिसले, टाचणीनं टोचल्यासारखे. मागच्या वेळी आजार अशाच ठिपक्यांनी सुरू झाला होता. 'मोज्याचं इलॅस्टिक रुतलं असेल,' असं मनाशी ठरवून तिनं बटाट्यांचं भांडं पुढं सरकवलं.

पण त्या दिवसापासून तिची पाळत सुरू झाली. पोरगी घरातही लांब बाह्या घालते. स्वतःचे कपडे स्वतः धुते! पंधरा वर्षांची पोर न सांगता कपडे धुते, म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

"मुलगा-बिलगा असेल एखादा," नवरा कर्ट म्हणाला.

जनेलला ते इतकं सोयीचं वाटलं, की शेजारच्या एका गरीब पोरावर तिनं आठवडाभर डोळा ठेवला. मुलगा असू दे, चोरून दारू असू दे, काहीही चालेल, फक्त ते एक नको. रक्त तपासायचं मात्र तिनं नाव काढलं नाही.

त्यातच संघाची गोलकीपर बोट मोडून घरी बसली आणि ब्रिटा आपणहून गोलात उभी राहिली. गावानं कौतुक केलं, जनेलनं मिरवून घेतलं.

एका शनिवारी सकाळी ती रिंकवर, म्हणजे हॉकीच्या बर्फाच्या मैदानावर, खाऊच्या खिडकीत हॉट चॉकलेट विकत असताना ट्वायला आली. तिची पोर त्याच संघात.

"तुझी ब्रिटा फारच लाजाळू बाई," ट्वायला म्हणाली. "दर शुक्रवारी पोरी स्पर्धा लावतात ना, सगळ्यात मोठा निळा डाग जिचा, तिला डोनट. आमची पोर मांडी दाखवून दोनदा जिंकली. तुझी गोलकीपर असून एकदा बाही वर करेल तर शपथ!"

जनेलचा हात थांबला. रोज अंगावर पक, ती टणक रबरी चकती, झेलणारी पोर, आणि दाखवायला एक डाग नाही? की दाखवण्यासारखा नाही?

कपडे बदलायच्या खोलीत आयांना मज्जाव. जनेल घुसलीच. पाठमोऱ्या ब्रिटाच्या सदऱ्याखालून पाठीवरचा जांभळा डाग डोकावत होता.

"आई! बाहेर हो आधी!"

"सदरा वर कर."

"पक लागलाय गं. गोलकीपर आहे मी, लागणारच!"

"पाठीला? पक काय मागून येतो?"

बाकीच्या पोरी मुकाट्यानं बाहेर सटकल्या. ब्रिटानं सदरा वर केला. पाठ, कंबर, दंड, सगळीकडं जांभळं. गोलात ती संघासाठी उभी राहिलीच नव्हती. डागांना काहीतरी कारण हवं होतं तिला.

इस्पितळात प्लेटलेटचा आकडा आला, नऊ हजार. नर्सनं विचारलं, "कधीपासून दिसतंय हे?"

"तीन आठवडे," ब्रिटा पुटपुटली.

"पाच," जनेल बोलून गेली. "थँक्सगिव्हिंगपासून."

ब्रिटा तिच्याकडं वळली. "तुला माहीत होतं?"

"घोट्यावर दिसले होते ठिपके. मला वाटलं मोज्याचे..." जनेलनं मान हलवली. "नाही, खोटं बोलतेय मी. मला तेव्हाच कळलं होतं. विचारलं तर खरं ठरेल, म्हणून विचारलं नाही. घाबरले गं मी. चुकलं माझं."

ब्रिटाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्यात राग होता.

"हॉकी बंद कराल म्हणून लपवलं मी. पण रोज जेवताना वाटायचं, आज ही विचारेल. विचारलं असतंस तर सांगून टाकलं असतं गं, आई."