सोवळं आणि लघवी

पाळी जाऊन वर्ष झालं आणि धारला सासरी माझी बढती झाली. "आता तू सुटलीस," सासूबाई म्हणाल्या, "यापुढे महालक्ष्म्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक तुझा."

सुटले म्हणे! पाळी गेली ती खालचा सगळा ओलावा घेऊन गेली. कोरडेपणा, खाज, लघवी करताना आग, आणि लागली की दोन मिनिटांचीही सवड नाही. देवासला मी शिकवते त्या शाळेत कोणत्या तासानंतर धावायचं, हे मी वेळापत्रकाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवत होते. आमच्या घरच्या सोवळ्यात अशी कडच नाही. पहाटे चूल पेटली की नैवेद्य होईपर्यंत बायकांना मूत्राशय नसतं. मध्ये गेलात तर पुन्हा डोक्यावरून अंघोळ आणि दुसरं सोवळं. पूजा सांगणारे गुरुजी मात्र दोनदा जाऊन नुसते पाय धुऊन येतात. त्यांचं शास्त्र वेगळं.

मी याद्या करणारी बाई. सोळा भाज्यांचा क्रम, पुरणाची डाळ, आंबील, सगळं लिहिलं. आणि सगळ्यात वर हुशारीने टाकलं : आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. इतकी मूर्ख ओळ मी आयुष्यात दुसरी लिहिली नसेल. नैवेद्य वेळेवर झाला, सवाष्णी जेवल्या, आणि मी देवासला परतले ती ताप आणि लघवीत रक्त घेऊन.

नवऱ्याने सब्जाचं पाणी सुचवलं आणि पेपर उचलला. औषधवाल्याने काही न तपासता गोळ्या पुढे केल्या. त्या मी तिथेच ठेवल्या. धारहून वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, फोनवर निदान केलं : "सोवळ्यात काही चुकलं असेल गं. देवीला चालत नाही." देवीला काय चालतं याची वन्संना फार बारीक माहिती.

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासायला पाठवली.

"पानी बंद करने को किसने कहा था?"

"मीच ठरवलं."

"टीचर होके?"

त्यांनी सांगितलं की पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते, त्यामुळे आग होते आणि जंतूही लवकर धरतात. जंतुसंसर्गाचं औषध दिलं. पूर्वीचे आजार विचारून घेतले आणि मग आतून लावायचं हार्मोनचं क्रीम लिहून दिलं. साबण बंद, पाणी भरपूर, आणि लघवी रोखायची नाही. दोन-अडीच महिन्यांत मी पुन्हा माणसासारखी बसू लागले. क्रीम मात्र चालूच ठेवायचं होतं.

पुढच्या भाद्रपदात पुन्हा धार. मी पाणी पिऊन सोवळं नेसले. डाळ शिजत आली आणि मला लागली.

"आई, मी लघवीला जाऊन येते."

स्वयंपाकघरात जणू कोणी शिवी दिली.

"पुरण व्हायचंय अजून," सासूबाई म्हणाल्या. "बरं, मग अंघोळ करून ये."

"दर दोन तासांनी अंघोळ नाही करणार. हातपाय धुऊन येईन. गेल्या वर्षी रक्त आलं होतं, ते पुरे."

दारातून वन्सं म्हणाल्या, "मग सोवळं कसलं राहिलं?"

"तुम्ही करता का, वन्सं? तुमचीही गेलीच आहे."

"मी माहेरवाशीण! मला कसं चालेल?"

अर्थात. सल्ला तेवढा चालतो.

मी गेले, हातपाय धुऊन आले आणि झारा हातात घेतला. कोणी हिसकावला असता तर दुपारची बस पकडणार होते. पिशवी भरलेली होती. वन्सं बाहेर गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मलाही व्हायचं गं. मी आत जुन्या धोतराची घडी बांधून बसायची."

"किती वर्षं?"

"तू करायला लागेपर्यंत."

कीव यायला हवी होती. आला राग. "मग हे माझ्या गळ्यात का घातलंत?"

"डाळ बघ, लागेल," सासूबाई म्हणाल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. पाय धुऊन, अंघोळ न करता परत आल्या आणि माझ्यासमोर पुरण वाटायला बसल्या.